एका वेळी एकच गाइड

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा मी घरी सांगितलं, आता नुसता एक गाइड मिळवायचा राहिलाय. तो 'नुसता' आईला अजून आठवतो आणि ती तो मला अधूनमधून ऐकवते.

गाइड म्हणजे विद्यापीठानं मान्यता दिलेला प्राध्यापक. त्यानं कागदावर लिहून द्यायचं, की या मुलीला माझ्या हाताखाली संशोधनाला घेतो. ते संमतीपत्र निकालापासून वर्षाच्या आत विद्यापीठात जमा करायचं. नाही केलं तर परीक्षा पास झाल्याला काही अर्थ उरत नाही. पुन्हा फॉर्म, पुन्हा अभ्यास, पुन्हा पहिल्यापासून सगळं. नियम एवढाच होता. बारा महिने होते. बारा महिन्यांत माणसं घर बांधून राहायला जातात, मला एक सही मिळणार नाही होय, असं मला वाटलं होतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही आणि कुणी पाठ थोपटावी म्हणूनही सांगत नाही. पुढची चूक कळायला ते सांगावं लागतं. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. वडलांना आम्ही नाना म्हणतो. ते बैलांच्या बाजारात दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवायचा, हे त्यांचं काम. आता बैलच कमी झाले, त्यामुळे बाजारही कमी झाले, पण नाना अजून डोक्याला फेटा बांधून जातात. मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे वर्ग असेल तेव्हा मी मॅडम, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोण हे कॉलेजलाही आठवत नाही. पक्की नोकरी हवी तर पीएच.डी. हवी. पण फक्त नोकरीसाठी म्हटलं तर ते खोटं होईल. मला एक गोष्ट खरोखर शोधायची होती.

ती गोष्ट म्हणजे गवत. नाना दहा वर्षं म्हणत आलेत की हरसूलच्या डोंगरावर पूर्वी मारवेल आणि पवन्या कापून आणायचे, आता तिथं नुसती कुसळी उरली, आणि कुसळीला बैल तोंड लावत नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजारात जायची तेव्हा कुठल्या गावचा चारा कुठल्या बैलाला चालत नाही, हे मी पुस्तकाच्या आधी ऐकलं होतं. नानांचं म्हणणं खरं आहे का, आणि खरं असेल तर का, एवढाच माझा प्रश्न.

विद्यापीठाच्या साइटवर गाइडांची यादी होती. प्रत्येकाच्या नावापुढे रिकाम्या जागांचा आकडा. माझ्या विषयाच्या आसपासचे बारा-तेरा जण निघाले. त्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, पुण्याचे एक सर, मी निवडले. त्यांच्या नावापुढे जागाही होत्या. त्यांना मेल लिहायला मला चार दिवस लागले. इंग्रजीत, तीन पानं. त्यात नाना होते, आई होती, गाव होतं, दहावीचे मार्क होते, गावातून शाळेपर्यंत चालत जायचं अंतर होतं. गवत तिसऱ्या पानावर उगवलं. सोबत सगळ्या मार्कशीट स्कॅन करून जोडल्या, जातीच्या दाखल्यासकट. मेल पाठवला आणि मग मी थांबले.

थांबले म्हणजे दुसऱ्या कुणाला लिहिलंच नाही.

बैलबाजारात एक रीत आहे. गिऱ्हाईक बैलाजवळ आलं, त्यानं कासऱ्याला, म्हणजे बैलाच्या दोराला, हात लावला आणि बोलणं सुरू झालं, की दुसऱ्यानं त्या बैलाची चौकशी करायची नाही. लांब उभं राहायचं. विकणाऱ्यानंही दुसऱ्याकडे बघायचं नाही. पहिल्यानं कासरा सोडला, 'जमत नाय' म्हणाला, की मग पुढचा. जो मध्ये तोंड घालतो त्याच्याशी पुढच्या बाजारात कुणी बोलत नाही. नानांचं सगळं नाव या एका रीतीवर उभं आहे. ती मला कुणी बसवून शिकवली नाही. घरात चप्पल काढून यायचं असतं तशी ती मला ठाऊक होती. एका माणसाला विचारलंय, त्याचं उत्तर यायचंय, आणि तोवर दुसऱ्याचं दार वाजवायचं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुण्याहून उत्तर आलं नाही. महिन्यानं मी नम्रपणे आठवण पाठवली, तिलाही नाही. दोन महिने होत आले तेव्हा नानांना विचारलं. ते म्हणाले, बोलला पण नाय आणि फिरकला पण नाय, म्हणजे कासरा सोडला असं धर. तेव्हा कुठे मी यादीतल्या दुसऱ्या नावाकडे वळले.

हे सर नाशिकचेच, एका मोठ्या कॉलेजातले. त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: येऊन भेटा. मला इतका आनंद झाला की मी आईला फोन करून ते दोन शब्द वाचून दाखवले. भेटायला गेले तर दीड तास प्रयोगशाळेबाहेर स्टुलावर बसले. आत गेले तेव्हा सरांनी माझा विषय दोन मिनिटं ऐकला, चांगला आहे म्हणाले, चहा सांगितला. आणि म्हणाले, बघू. सकारात्मक विचार करू. पुढच्या महिन्यात एकदा चक्कर मारा.

आमच्याकडे कुणी चहा पाजून 'बघू' म्हणालं तर बोलणं चालू झालं असं समजतात. मी तसंच समजले.

पुढच्या महिन्यात चक्कर मारली. सर परीक्षेच्या गडबडीत होते. त्याच्या पुढच्या महिन्यात ते म्हणाले, आलाच आहात तर या हर्बेरियमच्या शीट जरा लावून द्या. वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून ठेवतात ती शीट. तीन शनिवार मी ते करत बसले, धूळ इतकी की घरी गेल्यावर नाकातून काळं यायचं. नंतर त्यांच्या कॉलेजात परिषद होती. मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. दोन दिवस मी आलेल्यांना पिशव्या दिल्या, बिल्ले दिले, पाहुण्यांना पार्किंग दाखवलं. एका पाहुण्यानं सरांना विचारलं, ही तुमची विद्यार्थिनी का. सर हसले आणि म्हणाले, आमच्या घरातलीच आहे. मी ते वाक्य घेऊन गावी गेले आणि नानांना सांगितलं. नाना खूश झाले. घरातली म्हणाला म्हणजे दिल्यातच जमा हे, म्हणाले.

प्रत्येक भेटीत मी संमतीपत्राचा कोरा फॉर्म फोल्डरमध्ये घेऊन जायची. एकदा तो टेबलावर ठेवलासुद्धा. सरांनी त्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, एवढी काय घाई. असे सात महिने गेले. पुण्याचे दोन धरले तर नऊ. उरले तीन.

आमच्या स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचा एक सहकारी होता, तोही तासिका तत्त्वावरचा. मालेगावचा, घरी यंत्रमाग. आमची परीक्षा एकाच वर्षी झाली होती आणि त्याला गाइड मिळून त्याचं कामसुद्धा सुरू झालं होतं. एक दिवस डबा खाताना त्यानं विचारलं, किती जणांना मेल टाकले. मी म्हटलं, दोन. त्याला वाटलं मी गंमत करतेय. त्यानं स्वतः चाळीस टाकले होते, सगळे एका आठवड्यात. तिसांचं उत्तर आलंच नाही, सहा जण नाही म्हणाले, चार जणांनी बोलावलं आणि त्यातल्या एकानं घेतलं.

मी म्हटलं, एकाशी बोलणं चालू असताना दुसऱ्याला कसं विचारायचं?

तो जेवायचा थांबला. "ताई, तुम्ही मेल पाठवता का साखरपुडा करता?"

बाकीचे हसले. मी डबा बंद केला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो चुकीचं बोलला म्हणून नव्हे. त्याला हे कुणीतरी सांगितलं होतं, याचा राग आला होता. नंतर विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या मावसभावानं सांगितलं होतं. त्याच्या घरात कुणीतरी आधी या वाटेनं गेलं होतं. मला मावसभाऊ आहेत सहा, त्यातले चार ट्रॅक्टर चालवतात, आणि मला त्यांचा अभिमान आहे, पण मेल कसे टाकायचे हे ते मला सांगणार नव्हते. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत फोटोचा आकार किती हवा ते होतं, शुल्क कुठल्या खात्यात भरायचं ते होतं. एकाच वेळी अनेकांना विचारलं तर चालतं, हे एक वाक्य कुठंही नव्हतं. ज्याला माहीत आहे त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

तिसऱ्या दिवशी मी नाशिकच्या सरांकडे गेले. वेळ न ठरवता गेले. ते एकटेच होते, उत्तरपत्रिका तपासत होते. मी बसले नाही.

"सर, मला नाही म्हणा."

त्यांनी वर पाहिलं. "अहो, मी नाही कुठे म्हटलंय?"

"तेच म्हणतेय. म्हणा."

ते म्हणाले, तुम्ही इतका नकारात्मक विचार का करता, संशोधनाला संयम लागतो. मी सांगितलं की संयम सात महिने झाला. तुम्ही नाही म्हटल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, आणि माझ्याकडे आता तीन महिनेही पुरते नाहीत.

सरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असावं. "विचारता येत नाही म्हणजे? कुणी अडवलंय तुम्हाला?"

मी कासऱ्याचं काय सांगणार होते त्यांना? मी एवढंच म्हटलं, की आमच्याकडे असंच असतं. ते हसले. वाईट हसले नाहीत, आश्चर्यानं हसले. ते धरून चालले होते की माझं आणखी तीन-चार ठिकाणी चालू असणार. सगळ्यांचंच असतं. माझ्यासारखे आणखी सहा जण त्यांच्याकडे चकरा मारतात, आणि सरांना वाटतं की जो शेवटपर्यंत टिकेल त्याला घ्यावं.

"जागा किती आहेत सर?"

जागा आत्ता नव्हतीच. साइटवरची यादी जुनी होती. एका विद्यार्थ्याचा प्रबंध जमा झाला तर पुढच्या वर्षी एक होईल.

"म्हणजे या वर्षी नाही."

"तसं पाहिलं तर या वर्षी अवघडच आहे."

"अवघड म्हणजे नाही का सर?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "हो. नाही."

मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले. पार्किंगमध्ये येऊन गाडीला किल्ली लावली. रडू आलं नाही. तीन शनिवार, परिषदेचे दोन दिवस, स्टुलावरचे कितीतरी तास, आणि हे सगळं एका शब्दानं पहिल्या भेटीतच वाचलं असतं. तो शब्द उच्चारायला त्यांना काहीच त्रास झाला नव्हता. मी मागितला आणि त्यांनी दिला. सात महिन्यांपूर्वीही दिला असता का, हे मला माहीत नाही. मी मागितला नव्हता.

रविवारी गावी गेले. नाना ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून ते आधी सरांवर चिडले. सात जणांना एका खुंट्याला बांधतो आणि त्याला मास्तर म्हणायचं का, असं म्हणाले. मग मी सांगितलं की आता मी उरलेल्या सगळ्यांना एकदम लिहिणार आहे.

नाना म्हणाले, "तसं नाय करायचं बाई. एक हो म्हणला अन् दुसरा पण हो म्हणला तर? शब्द जातो आपला."

मग मात्र माझा तोल गेला. नानांवर मी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. म्हटलं, "नाना, तिथं कुणी कासरा धरतच नाय. मी एकटीच उभी होते बाजारात तुमची रीत घेऊन."

आई आतून बाहेर आली आणि दारात थांबली. नानांनी फेटा सोडून मांडीवर घेतला आणि ते तो पुन्हा गुंडाळायला लागले. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "मंग हे आपल्याला कुणी सांगायला नको का आधी?"

मी म्हटलं, कोण सांगणार होतं. ते म्हणाले, ते बी खरं हे. आणि आईला चहा टाकायला सांगितलं. मी त्यांची माफी मागायला हवी होती, मागितली नाही. निघताना त्यांनी पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या आणि म्हणाले, टाक सगळ्यांना एकदम. नानांनी परवानगी दिली याचं मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाईट वाटलं. त्यांना एक चांगली गोष्ट माझ्यासाठी खाली ठेवावी लागली, असं वाटलं.

सोमवारी मालेगावच्या सहकाऱ्याशी मी होऊन बोलले. त्यानं माझा जुना तीन पानी मेल वाचला आणि विचारलं, यात काम कुठंय? आम्ही दोघांनी तो सहा ओळींवर आणला. प्रश्न काय, डोंगर कुठला, आजवर काय पाहिलं, तुमच्या कामाशी त्याचा संबंध काय, जागा आहे का, नसेल तर तसं कळवावं. नाना, आई, गाव, सगळं गेलं. जातीचा दाखला त्यानं काढला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. दुपारी अकरा जणांना मेल गेले, प्रत्येकाला वेगळा.

दोन दिवसांत तीन नकार आले. मी इतकी खूश झाले की स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. एका सरांनी लिहिलं की विषय त्यांचा नाही. एका मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. तिसऱ्यांनी नुसतं 'क्षमस्व' लिहिलं, तेही मला गोड वाटलं. बाकीचे गप्प. दोन महिने उरले होते, मग दीड.

मग एक फोन आला. नाशिकपासून दोन तासांवरच्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातल्या मॅडम. प्रवासात होते, उत्तराला उशीर झाला, म्हणाल्या. जागा एक आहे, पण तुमच्या आधी एकीनं विचारलंय, तिचं शुक्रवारपर्यंत कळेल, शनिवारी सकाळी मी फोन करते. नऊ-दहा महिन्यांत कुणी मला वार सांगितला नव्हता. शनिवारी सकाळी खरंच फोन आला. या, म्हणाल्या.

मी एसटीनं गेले. मॅडमनी माझा आराखडा तांबड्या पेनानं अर्धा खोडला. मला इगतपुरी, हरसूल आणि सिन्नर तिन्हीकडचं गवत घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, एकट्या बाईला एसटीनं फिरून एवढं होत नाही, फक्त हरसूल घ्या, दोनच जाती घ्या, तीन पावसाळे मन लावून बघा. मला राग आला. इतकी वाट बघून अर्धाच विषय हाती येत होता. मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतला आणि मग सिन्नर पुन्हा खोडलं. शेवटी मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर सही केली, पण शिक्का प्राचार्यांच्या कपाटात होता आणि प्राचार्य रजेवर. त्या एका शिक्क्यासाठी मी आणखी दोनदा गेले. मुदत संपायला नऊ दिवस असताना विद्यापीठाच्या खिडकीवर कागद दिला आणि पोच घेतली.

सही करताना मॅडमनी विचारलं होतं, हा मेल किती जणांना पाठवलाय. मी खरं सांगितलं, अकरा. त्या म्हणाल्या, "ठीक. मग उरलेल्यांना कळवून टाका, जागा मिळाली म्हणून. कुणाला अडकवून ठेवू नये."

यातल्या कुणीही माझ्यासाठी अडकून बसलेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. जे नाही म्हणाले त्यांनाही, जे गप्प राहिले त्यांनाही, आणि अकरांत नसलेल्या पुण्याच्या सरांनाही, त्यांना पाठवलेल्या जुन्या मेललाच जोडून: माझी निवड झाली आहे, विषय अमुक, आपला वेळ घेतल्याबद्दल आभार.

पुण्याहून चार मिनिटांत उत्तर आलं. अभिनंदन. विषय फार महत्त्वाचा आहे. आपण माझ्याकडे आला असतात तर मी नक्की विचार केला असता.

त्यांच्या या ओळींच्या खाली माझा आभाराचा मेल होता, त्याखाली आठवण होती आणि त्याखाली माझी तीन पानं होती. मी ते उत्तर सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, सोडा ताई, उद्या तुमच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून हेच येऊन बसतील. खरं होतं त्याचं. मी दोन तास घेतले, हजेरी भरली, परत येऊन बसले आणि लिहिलं, "सर, आले होते. खाली पाहावे." आणि पाठवून टाकलं.